मुंगी नसलेली माती

पुसदच्या त्या वस्तीत लग्नाची गादी भरायची ठरली की आधी खातूनबीला निरोप जायचा. ती यायची, पसरलेल्या खोळीत रुईची पहिली मूठ घालायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची, आणि मग बाकीची गादी कुणीही भरली तरी चालायचं. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, पहिली मूठ खातूनबीची. तिचा हात लागलेल्या गादीवरची एकही पोरगी रडत माहेरी आली नाही, असं बायका सांगायच्या. आल्याही असतील. आलेल्यांची मोजदाद कोण ठेवतं?

खातूनबी पिंजाऱ्याची लेक. बाप खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी टाकून ढाणकीपर्यंतची खेडी पायी फिरायचा आणि नऊ वर्षांची खातून मागून काठी घेऊन चालायची. लग्न झालं तेही नात्यातल्याच घरात, पण नवऱ्याने, मोहिउद्दीनने, वेळीच ओळखलं की धुनकीचे दिवस संपले. त्याने फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान घातलं, घराला लागूनच. ते मात्र चाललं. कपाशीवरची अळी औषधाला दाद देईना तशी माणसं आठवड्यातून दोनदा फवारू लागली, पंप झिजू लागले, मोहिउद्दीनभाईला जेवायला उसंत मिळेना. शेतकऱ्याचं वाईट वर्ष हे त्याचं चांगलं वर्ष. हे त्याला कळत होतं आणि तो त्याबद्दल बोलत नसे. दुरुस्त करून ठेवलेले तीन पंप दुकानात टांगलेले होते, नावाच्या चिठ्ठ्यांसकट. ते न्यायला कुणी आलंच नाही. कशामुळे आलं नाही, ते वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

मागच्या गल्लीत शीलाताई राहायच्या. ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बाई कामाच्या, तोंडाने फटकळ, आणि घाई तर अशी की दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करून टाकणार. त्यांचे यजमान चंद्रशेखरराव म्हणायचे, हिला बी पेरल्यावर दुसऱ्या दिवशी उकरून बघायची सवय आहे. शीलाताईंना ही थट्टा आवडत नसे, कारण ती खरी होती.

दोन हजार चारच्या दिवाळीच्या सुमारास खातूनबीचे गुडघे गेले. डॉक्टरांनी तिचं उकिडवं बसणं बंद केलं. गादीचं काम म्हणजे सगळं जमिनीवरचं. चटईवर बसायचं, सरकायचं, टाके घालायचे. ते थांबलं. स्टुलावर बसून पहिली मूठ तेवढी घालता यायची. तेवढ्यासाठी लोक अजून बोलवायचे, खण द्यायचे, पानावर पहिलं बसवायचे. बाकी दिवसभर ती ओट्यावर बसलेली. पन्नास वर्षं हात चालवलेली बाई ओट्यावर रिकामी बसलेली बघवत नाही. शीलाताईंना तर नाहीच बघवलं.

एका सकाळी त्या टेप, सुतळी आणि शंभर पानी वही घेऊन खातूनबीच्या अंगणात हजर झाल्या. म्हणाल्या, तुझ्या अंगणात गादीवाफा बांधू. जमिनीपासून उंच उचललेला, विटांच्या पेटीसारखा. वाकायचं नाही, बसायचं नाही, उभ्याने भाजी काढायची.

खातूनबी हसली. "म्हणजे मातीची गादी भरायची? ते तं येते मले."

तिथून पुढचे दहा दिवस त्या दोघींचे फार चांगले गेले. शीलाताईंना नंतर आठवायचे ते हेच दिवस, आणि म्हणूनच जास्त लागायचं.

आधी दोन दिवस नुसतं ऊन पाहिलं. सकाळी आठला, बाराला आणि चारला अंगणात सावली कुठवर येते तिथे खडूने रेघ मारायची. शीलाताईंसारख्या उतावळ्या बाईने दोन दिवस वाट पाहिली, यातच काय ते आलं. मग रुंदी. शीलाताईंनी खातूनबीला टेबलाजवळ उभं केलं आणि हात पुढे करायला लावला. वाफ्याच्या दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचला पाहिजे, वर चढायची किंवा ताणायची वेळ येता कामा नये. तिचा हात पावणेदोन फूट पोचला, म्हणून रुंदी साडेतीन फूट. उंची कमरेच्या थोडी खाली, अडीच फूट. लांबी आठ, कारण तेवढ्याच जुन्या विटा होत्या. विटा चुन्या-सिमेंटाशिवाय रचायच्या, पहिली ओळ अर्धी जमिनीत गाडायची, खालच्या थरात बोटभर फटी सोडायच्या, पाणी निघून जायला. तळाशी फुटकी कौलं आणि विटांचे तुकडे, त्यावर बारीक तोडलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, त्यावर कडुनिंबाचा वाळका पाला. म्हणजे अडीच फुटांतली वरची फूटभरच माती लागते, सगळी पेटी मातीने भरायची गरज नाही.

पाला भरताना खातूनबीने शीलाताईंचा हात धरला. म्हणाली, आधी कोपरे. कोपरे आधी दाबून नाही भरले तर गादी मधातच फुगते आणि कडा बसतात. शीलाताईंनी वही उघडून पाहिलं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते लिहून घेतलं. शेजारची नलू कुंपणावरून बघत होती, तिने लगेच टोमणा मारला की कॉलेजच्या बाईंना आज पिंजारीण शिकवून राह्यली. शीलाताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट त्यांनी नलूला आणि वस्तीतल्या आणखी सात-आठ जणींना रविवारी पेरणी बघायला बोलावलं. हा वाफा जमला की प्रत्येकीच्या अंगणात एकेक करायचा, आणि पहिलं बी खातूनबीच्या हातचं. बायकांना हे पटलं. गादीला तिचा हात, मग वाफ्याला का नको?

अडलं ते मातीवर. नागोराव म्हणून एकजण शेतातली माती ट्रॉलीने आणून देणार होता. पण तो कापूस घेऊन खरेदी केंद्रावर रांगेत अडकला. चार दिवस झाले, पाच झाले, त्याची गाडी काही पुढे सरकेना. शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी बायका येणार, आणि पेटी वरून रिकामी. शीलाताईंचा जीव वरखाली.

मोहिउद्दीनभाई म्हणाला, माती तर आपल्याकडेच आहे. दुकानामागच्या खड्ड्यातली. वीस वर्षांत तिथे फावडं लागलं नाही, पिठासारखी मऊ माती. त्याने घमेलंभर आणून दाखवलं. शीलाताईंनी मूठभर घेतली, जराशी ओली केली, लाडू वळला, बोटाने टिचकी मारली. लाडू सुटा झाला. कॉलेजात पोरांना शिकवायच्या तीच परीक्षा. गवताचं एक मूळ नाही, लव्हाळ्याची एक गाठ नाही. शीलाताई खूश.

खातूनबीने घमेल्यात बोट फिरवलं.

"ताई, याच्यात मुंगी बी नाही दिसून राह्यली. गांडूळ बी नाही."

"मग काय तुला मुंग्या पाळायच्या आहेत?" शीलाताई म्हणाल्या. "चल, चाळ लवकर."

खातूनबीने चाळणी उचलली. शिकलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? शेणखताच्या दोन पाट्या आणि थोडी रेती मिसळून संध्याकाळपर्यंत वाफा भरला. वास? औषधाचा वास त्या घराला कायमच होता. मोहिउद्दीनभाईच्या सदऱ्याला होता, ओट्याला होता. फवारणीच्या दिवसांत तर सगळ्या गावालाच असतो. आणि वर शेणखत. कुणाच्या नाकाला काय कळणार? पण नाक सोडा. एका मुठीत जिथे एकही जिवंत जीव नाही, ती माती मेलेली आहे, हे अकरावीच्या पोरीनेही सांगितलं असतं. शीलाताईंनी एकतीस वर्षं अकरावीच्या पोरींना हेच सांगितलं होतं.

रविवारी खातूनबीने बिस्मिल्ला म्हणून मेथी टाकली, मग पालक, कोथिंबीर. एका कडेला टमाट्याची आणि वांग्याची रोपं लावली. बायकांनी चहा घेतला. आपल्या अंगणातलं ऊन कसं मोजायचं ते नलूने शीलाताईंना विचारून घेतलं.

मेथी चौथ्या दिवशी वर आली. खातूनबी गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायची. आठव्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. बाराव्या दिवशी मेथी आडवी झाली, टमाट्याची पानं आत वळली, पालक तर उगवलाच नाही. खातूनबी पहाटे नमाज झाला की वाफ्याशी जाऊन उभी राहायची. लोट्याने पाणी घालायची, हाताने पानं पुसायची. 

शीलाताई आल्या त्या दिवशी तिथे नेमक्या नलू आणि आणखी पाचजणी होत्या. शीलाताईंनी माती दाबून पाहिली, ओली लागली, आणि निदान करून टाकलं. पाणी जास्त झालं. खातूनबी सांगत होती की एकच लोटा, सकाळचा एकच. शीलाताईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्यांना दहा दिवसांची मेहनत दिसत होती, बोलावलेल्या बायका दिसत होत्या, आपलं हसं होतंय असं वाटत होतं. त्या म्हणाल्या,

"बाई, तुझ्या हातालाच गुण नाही, त्याला मी काय करू?"

अर्ध्या मिनिटात त्या हे विसरल्याही. घरी जाऊन त्यांनी पोळ्या केल्या. हातगुण वगैरे शब्दांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून तो शब्द त्यांना हलका वाटला. ज्यांचा विश्वास होता त्या सहाजणी तिथे उभ्या होत्या. आणि सातवी खातूनबी.

चूक पाण्याची होती हे सिद्ध करायला म्हणूनच शीलाताईंनी त्या वाफ्यातली माती दोन कुंड्यांत भरून घरी आणली. पाणी मोजून घातलं, पेल्याने. मेथी चौथ्या दिवशी आली, आठव्या दिवशी करपली. त्यांनी मूठभर माती ओली करून झाकणाच्या डब्यात घातली आणि डबा दिवसभर उन्हात ठेवला. संध्याकाळी झाकण काढलं आणि डोळ्यांत पाणी आलं. चंद्रशेखरराव आतून ओरडले की औषधाची बाटली कुणी उघडली.

त्या तशाच मोहिउद्दीनभाईकडे गेल्या. त्याने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. दुरुस्तीला येणाऱ्या पंपात उरलेलं औषध असतंच. ते मागच्या खड्ड्यात ओतायचं, पंप तिथेच धुवायचा, तिथेच फवारून बघायचा. वीस वर्षं. अलीकडे तण जाळायचं औषधही यायला लागलं होतं.

"पण ताई," तो म्हणाला, "औषध तं लोक झाडावरच मारतात. झाड थोडंच मरते त्यानं?"

पंपवाल्याच्या दृष्टीने बरोबरच होतं त्याचं. शीलाताईंच्या दृष्टीने बरोबर नव्हतं, आणि माती पाहिली होती ती शीलाताईंनी. एवढंच नशीब की त्या वाफ्यातलं पान कुणाच्या ताटात गेलं नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी मजूर लावून ती माती उचलली आणि वस्तीपासून, विहिरीपासून लांब खोल पुरली. माती खराब निघाली, एवढंच त्यांनी घरोघर तुटक सांगितलं. चूक आपली, हे सांगायला मात्र त्यांना आणखी बारा दिवस लागले. रोज उद्या ठरायचं. एकदा पाहुणे होते, एकदा दाढ दुखत होती. खरं कारण ज्याचं त्याला माहीत असतं.

त्या बारा दिवसांत नलूच्या भाचीची गादी भरली गेली. पहिली मूठ घालायला नलूने दिग्रसची कुणीतरी आत्या बोलावली. खातूनबीला जेवायचं आमंत्रण मात्र होतं. ती गेली, जेवली, आली.

हे कानावर आलं तशा शीलाताई चपला घालून निघाल्या, त्या थेट नलूच्या अंगणात. तिथे जमलेल्या बायकांना त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. माती मी पसंत केली. खातूनबीने मुंगीचं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. दोष तिच्या हाताचा नाही, चूक माझी. आयुष्यात त्या असं कुणासमोर बोलल्या नव्हत्या. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. नलूने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाली,

"ताई, तुमचं मन मोठं हाय. गरिबाची बाजू घेऊन राह्यल्या. पण एवढं शिकल्या तुम्ही, तुम्हाले माती समजन नाही का?"

शीलाताईंनी पुन्हा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. बायका माना डोलवत राहिल्या. त्या जितकं सांगत गेल्या तितकं बायकांचं मत पक्कं होत गेलं, की बाई भली आहे, पिंजारणीला वाचवू बघते. त्यांनी डब्याची गोष्ट सांगितली, कुंड्यांची सांगितली. वस्तीत आणखी चार घरी जाऊन सांगितलं. मार्च उजाडेपर्यंत सगळ्या पुसदला शीलाताईंचं मोठं मन माहीत झालं. आधीच त्या वर्षी लग्नं थोडी. कापसाला भाव नाही म्हणून खेड्यांतली दोन-तीन पुढे ढकललेली, आणि होत होती त्यांतही फोमच्या गाद्यांची हौस शिरलेली. ज्या थोड्या गाद्या भरल्या गेल्या, त्यांतल्या एकीलाही खातूनबीचं बोलावणं नव्हतं.

शीलाताईंची धाकटी गौरी एप्रिलमध्ये बोहल्यावर चढणार होती. शीलाताईंनी ठरवलं की तोंडाने सांगून जमत नाही तर करून दाखवायचं. आपल्या पोरीच्या गादीची पहिली मूठ खातूनबीची, आणि सगळ्या गल्लीला बोलवायचं. एकदा गौरीचा संसार चार लोकांनी पाहिला की पुढे कुणाची बोलायची हिंमत आहे? गौरीही कबूल होती. शीलाताई खण, नारळ घेऊन खातूनबीकडे गेल्या.

खातूनबी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने नारळाकडे पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि शीलाताईंना बसायला सांगितलं. बोलणं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"ताई, तुम्ही खरं बोलून राह्यल्या, मले मालूम हाय. त्या दिवशी मी बी जोरानं बोलाले पायजे होतं, की मुंगी नाही म्हणजे नाही. पण गौरीच्या घरी उद्या काही झालं, लेकराले ताप बी आला, तं लोक कोणाचं नाव घेतीन? माहं. आन् तुम्ही बी. एक डाव तरी मनात घेसान."

"नाही," शीलाताई म्हणाल्या.

पण त्या क्षणभर थांबून म्हणाल्या. दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देणारी बाई, आणि त्या दिवशी तिला उत्तर द्यायला क्षणभर लागला. हातगुण-बितगुण काही नसतं हे त्यांना ठाऊक होतं. तरीही पोटच्या पोरीचा संसार डोळ्यापुढे आला, आणि तेवढ्यात काय वाटायचं ते वाटून गेलं. खातूनबीने ते पाहिलं. पन्नास वर्षं लोकांच्या लेकींच्या गाद्या भरल्या होत्या तिने, आयांचे चेहरे तिला वाचता येत नसतील तर कुणाला?

तिने नारळ परत दिला नाही. तो तिने ठेवून घेतला, गौरीला दुवा दिली, चहा केला. गादीचा विषय पुन्हा काढला नाही. गौरीची गादी नागपूरहून आली, फोमची. लग्नाला खातूनबी नवऱ्यासोबत येऊन जेवून गेली. गौरीचं चांगलं चाललं आहे. पण ते आता कुणाच्या खात्यावर मांडायचं?

रिकामी पेटी अंगणात तशीच होती. शीलाताईंनी दोनदा सुचवलं की आता नागोरावची माती आली आहे, काळी, मुंग्यांनी भरलेली, पुन्हा भरू. खातूनबीने दोन्ही वेळा गुडघ्याचं कारण सांगितलं. त्या वाफ्याची उंचीच गुडघ्यांसाठी ठरवली होती, हे दोघींनाही आठवत होतं. पुढच्या वर्षी कपाशीचं बियाणं बदललं, फवारण्या कमी झाल्या, पंपाचं काम बसलं. मोहिउद्दीनभाईने दुकान आवरलं आणि दोघं कळंबला गेली, लेकीकडे, फरहानाकडे.

दोन हजार सातमध्ये फरहाना कुठल्याशा कामाला पुसदला आली होती, ती शीलाताईंना भेटून गेली. सांगत होती की अम्मीचं तिथे बरं चाललं आहे. फरहानाच्या एका शेजारणीची पोरगी उजवायची होती, अम्मी पिंजाऱ्याची म्हणून तिला सहज पहिली मूठ घालायला लावली. आता लोक बोलवतात. तुम्ही या एकदा, अम्मी आठवण काढते.

शीलाताई कळंबला जाऊन आल्या. एकदा नाही, चारदा. दर वेळी तिथल्या चिंतामणी गणपतीचं दर्शन घेतलं, नारळ फोडला आणि दुपारच्या गाडीने परत फिरल्या. फरहानाचा पत्ता पर्समध्ये असायचा. पण त्या गल्लीत गेलं की कुणीतरी विचारणार, या बाई कोण, तुमची ओळख कशी? आणि पुसदच्या बायका काय म्हणायच्या, ते कळंबमध्ये अजून कुणाला माहीत नाही. चंद्रशेखरराव दर वेळी विचारायचे, भेटली का गं? त्या सांगायच्या, नाही, वेळ नव्हता.